अभ्रकाचं पातं

विजेचा आर्क पेटला की अभ्रकाचं पातं तीन मिलिमीटर मागे सरायचं. इंदुताई छोट्या दुर्बिणीला डोळा लावून आकडा वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. काचेच्या निर्वात भांड्यात तांब्याचा कॅथोड, समोर काचेच्याच बारीक धाग्याला लटकवलेलं ते नखाएवढं पातं. तांब्याची वाफ त्याला किती जोराने ढकलते त्यावरून आयनांच्या ऊर्जेचा अंदाज बांधायचा, मग भांड्याभोवतीच्या कॉइलचं चुंबकक्षेत्र वाढवून पुन्हा मोजायचं. आर्कवर वीसच व्होल्ट पडत, पण आयन त्याहून जास्त ऊर्जा घेऊन निघत. चुंबकक्षेत्रात कॅथोडवरचा झगझगीत ठिपका नियमाच्या नेमक्या उलट दिशेला पळे. असं का, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. उत्तर नसलेल्या गोष्टींची इंदुताईंना सवय होती.

पिंपरीच्या कारखान्यामागे पत्र्याच्या खोलीत ही प्रयोगशाळा होती. सन अठ्ठावन्नचा मार्च, दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. साहेब रंगराव दर सोमवारी दारातूनच विचारत, "इंदुताई, तांबं झिजलं की! भांडं उघडून कॅडमियम कधी बसवताय? एकतीस तारखेनंतर ही खोली गोदामाला जाणार. दोन वर्षांचं काम अर्धवट ठेवायचंय का?"

"बघते," इंदुताई म्हणत. अकरा आठवडे त्या हेच म्हणत होत्या.

भांडं उघडायचं म्हणजे एक नळ फिरवून आत हवा सोडायची. दोन मिनिटांचं काम.

ते भांडं तळेगावच्या ज्योतीरामने फुंकलं होतं. नळी तोंडाला लावून, गाल फुगवून, मधेमधे खोकत. देताना हसला होता. "काय तऱ्हा बघा बाई. आमी जीव काढून दम भरायचा, आन् तुमी पंप लावून उपसायचा!" ते त्याचं शेवटचं काम. नाताळाच्या आठवड्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या बायकोला, मंजुळाबाईंना, कारखान्याने याच खोलीत झाडलोटीला ठेवलं.

जानेवारीत एका दुपारी इंदुताईंनी आर्क बंद केला, आणि वही मिटताना त्यांना दिसलं, पातं हलत होतं.

अर्धा मिलिमीटर पुढे, अर्धा मागे.

त्यांनी कॉइलची तार काढली. नळ घट्ट लावून पंप थांबवला. टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. रंगराव एकदा डोळा लावून म्हणाले, "कारखान्यातल्या प्रेसची धडधड आहे हो." मग रविवारी, सगळी यंत्रं बंद असताना, इंदुताई एकट्या येऊन बसल्या. पातं हलतच होतं. मिनिटाला सोळा वेळा. सहा हेलकावे सारखे. सातव्याला ते मधेच अडके, दोनदा थरथरे आणि मग मागे येई.

त्यांनी सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. कारणाची जागा कोरी ठेवली.

फेब्रुवारीत मंजुळाबाई टेबल पुसता पुसता थबकल्या. हातातलं फडकं तसंच राहिलं. बराच वेळ त्या काचेतून बघत होत्या.

"यांचं असंच व्हायचं, बाई," त्या म्हणाल्या. "सहा दम नीट घ्यायचे. सातवा अडकायचा."

इंदुताईंनी आकडे कुणालाही सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून मंजुळाबाई जेवणाच्या सुट्टीत भाकरी घेऊन टेबलाशी बसू लागल्या. चिखलीहून भाऊ दोनदा न्यायला आला, त्या गेल्या नाहीत. इंदुताई शेजारी बसत. नळाचा विषय दोघीही टाळत.

मार्चअखेर हेलकावा तीन मिलिमीटरचा झाला, अगदी आर्क पेटल्यासारखा. पण वेग उतरत गेला. मिनिटाला तेरा. मग अकरा. सातव्याचं अडकणं लांबत चाललं.

एकतीस तारखेला दुपारी रंगराव येऊन गेले. "चारला हमाल येतील," एवढंच म्हणाले.

मंजुळाबाई भाकरीचं फडकं न सोडता बसल्या होत्या. पातं मिनिटाला नऊवर आलं होतं.

"मंजुळाबाई," इंदुताई म्हणाल्या, "हमाल उचलतील तेव्हा हे फुटेल. त्याआधी नळ फिरवायचा का, ते आज मला विचारायलाच हवं."

"व्हय."

"तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. माझं काम राहिलंच, ते राहू दे."

मंजुळाबाईंनी पदराने काच पुसली. पुसलेलीच होती ती.

"दवाखान्यातबी असंच. मी म्हणायची, घ्या अजून एक, माझ्यासाठी घ्या." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "न्हाई म्हणाले न्हाईत कधी. घेत ऱ्हायले."

इंदुताईंनी नळावर हात ठेवला. नळ थंड होता.

पाच.

सहा.

पातं पुढे गेलं आणि तिथेच थांबलं. थरथरलं नाही. मागे आलं नाही.

इंदुताईंनी घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिट. एक. पातं वाकडंच उभं होतं, बायकोच्या बाजूला, हुकूम ऐकायला थांबल्यासारखं.

"दमलात," मंजुळाबाई काचेला म्हणाल्या. मग वळून, नेहमीच्या आवाजात, "सोडा हवा, बाई."