लाल नेलपॉलिशची खूण

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात, एका चौकात सिग्नल हिरवा झाला, आणि लाइलच्या निळ्या गाडीनं एक डरकाळी फोडून तिथंच मान टाकली. तेही नेमकं डॉरीनच्या गॅरेजसमोर! मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. डॉरीन हात पुसत बाहेर आली, तिनं बॉनेट उचललं आणि तिला हसूच आवरेना.

"अरे बाबा, कंपनी ही गाडी लहान-मोठ्या तीन इंजिनांत विकायची. तू घेतलंस सगळ्यात धाकटं, आणि त्यावर कार्बुरेटर बसवलास थोरल्याचा? पेट्रोल पिऊन पिऊन गुदमरलंय बिचारं!"

"मित्र म्हणाले, मोठा लाव, गाडी उडेल..."

"उडाली ना! अख्ख्या रस्त्यानं पाहिलं."

लाइल कानापर्यंत लाल झाला, पण हसला — आणि ते हसू, काय सांगू, डॉरीनला आठवडाभर पुरलं.

तिनं इंजिनाला झेपेल असा कार्बुरेटर बसवला. इंजिनाच्या आवाजाला कान देऊन, पेट्रोल कमी-जास्त करणारा त्याचा स्क्रू जुळवला आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ही तिच्या वडिलांची शिस्त. ठिपका तुटला, की समजायचं, गिऱ्हाइकानं स्क्रूला हात लावलाय!

पुढच्या शनिवारी स्वारी हजर. "सिग्नलला थांबली की थरथरते गं."

ठिपका तुटलेला. डॉरीननं स्क्रू पुन्हा जुळवला, नवा ठिपका दिला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. गाडीच्या नादानं उगाच स्क्रूशी चाळा करणारी पोरं तिनं ढिगानं पाहिली होती. हा त्यांच्यातलाच, की... की माझ्यासाठी येतो? विचारायला तर हवं होतं. आता एकच शनिवार उरला होता; त्यानंतरच्या सोमवारी ती इंडियानापोलिसला निघणार होती, रेसच्या गाड्यांच्या गॅरेजात नोकरीला.

तिसऱ्या शनिवारी तिनं त्याला बॉनेटखाली वाकवलं. "हा ठिपका दिसतो? कुणी तोडला?"

लाइलची बोबडीच वळली. "मी... दीड फेरा. मोजून फिरवायचो."

"दीडच का?"

"जास्त फिरवला असता, तर तुझ्यापर्यंत पोचलो नसतो ना!"

डॉरीननं हातातलं फडकं त्याच्या खांद्यावर मारलं. "वेड्या, सरळ यायचंस की! आता सोमवारी मी इंडियानापोलिसला चाललेय. कायमची."

त्याचा चेहरा पार उतरला. "किती लांब आहे?"

"चार तास."

मग पान्यांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं तिच्या हातात ठेवला. "मग आज अगदी नीट जुळव. चार तास कुठं अडायला नको. दर शनिवारी यायचंय."

डॉरीननं स्क्रू जुळवला. डोळे भरल्यामुळे जरा वेळच लागला. ठिपका देऊन ती म्हणाली, "आता याला हात लावायचा नाही हं!"

"बरं. मग हात ठेवू कुठं?"

तिनं आपला तेलकट, काळा हात पुढे केला. त्यानं तो धरला, आणि मागे सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी सोडला नाही.