सेकंदाला पन्नास

जावयाने पार्सलने पाठवलेला कॅमेरा दुपारी दोन वाजता खोक्यातून बाहेर आला आणि सव्वादोनपर्यंत त्याच्यावरून घरात कुरबुर सुरू झाली.

"अहो, लाल बटण दाबायचं की झालं, एवढंच सांगितलंय जावयांनी," बायको म्हणाली.

"त्या आधी छप्पन्न गोष्टी ठरवायच्या असतात. आणि तू बोलू नकोस. तुला अर्धाच तास मिळालाय."

ते मात्र खरं होतं. उद्या सकाळी आठला तिच्या घशाची शस्त्रक्रिया होती. नंतर आवाज राहील का, राहिला तर कसा, यावर डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. आजच्या दिवसात अर्धा तास बोला, त्याच्यावर जाऊ नका, एवढं त्यांनी बजावलं होतं. त्या अर्ध्या तासात तिला बटणाची गोष्ट सांगायची होती. कोटावरून निसटून पळालेल्या एका बटणाची ही गोष्ट तिने स्वतःच रचलेली. लेक लहान असताना रोज झोपवताना ती हीच सांगायची, बटणाचा वेगळा आवाज, शिंप्याचा वेगळा, मांजरीचा वेगळा. आता लेकीला सातवा महिना होता. "आई, माझ्या बाळाला ती गोष्ट तुझ्याच आवाजात हवी," असं म्हणून ती फोनवर हमसून हमसून रडली होती. गोष्ट वीस मिनिटांची. चाचणीसाठी दहा मिनिटं हाताशी होती.

दहा मिनिटं म्हणजे रग्गड, असं त्याला वाटलं. त्याची उभी नोकरी जमिनी मोजण्यात गेली होती. कुठलंही माप तो दोनदा घेणार, एकदा जाताना, एकदा परत येताना. दोन्ही जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा. कचेरीत त्याला 'दोनदासाहेब' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्याला त्याचं काही नव्हतं. एकदाच मोजून उठणाऱ्यांचे पुढे काय तंटे होतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

कॅमेरा शिकाऊ लोकांसाठीचा होता, पण पर्याय काही शिकाऊ नव्हते. चित्र मोठं घ्यायचं की लहान? मोठं घेतलं तर सेकंदाला पंचवीस फ्रेम, लहान घेतलं तर पन्नास. फोकस आपोआप की हाताने? आवाजाची पातळी कोणी ठरवायची, आपण की कॅमेऱ्याने? त्याने माहितीपुस्तिका चष्मा पुसून दोनदा वाचली. कार्ड नवं कोरं होतं, तरी त्याने ते एकदा साफ करून घेतलं. मग बायकोला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. तिच्या मागे त्याचं नकाशांचं टेबल होतं, वीस वर्षं एकाच जागी असलेलं. समोर तिपाईवर कॅमेरा ठेवून तो स्टुलावर बसला.

"मोठं चित्र, पंचवीस फ्रेम. बोल काहीतरी."

"काय बोलू?" ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "बाळा, तुझे आजोबा फार शिस्तीचे आहेत हं. तू रडलंस तरी म्हणतील, परत एकदा रड, जुळतंय का बघू."

त्याने क्लिप लावून पाहिली. आवाज छान आला होता. चित्रावर मात्र काळपट पट्टे खालून वर सरकत होते. ट्यूबलाइटमुळे तसं होतं, हे पुस्तिकेत लिहिलं होतं. त्याने ट्यूब बंद केली, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला आणि लहान चित्र, पन्नास फ्रेम लावून पुन्हा एक मिनिट घेतलं.

आता पट्टे नव्हते. चित्र स्वच्छ होतं, केसन् केस दिसत होता. पण तिच्या मागे टेबल नव्हतं.

त्याने मान वर करून पाहिलं. टेबल जागेवर होतं, नकाशांच्या गुंडाळ्यांसकट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या जागी नुसती भिंत होती.

"चित्र लहान आहे ना," तो स्वतःशीच म्हणाला. "कडा कापल्या गेल्या असणार."

"टेबल काय कडेला आहे?" बायको म्हणाली. "माझ्या पाठीशी तर आहे."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. म्हणून त्याने पंचवीसवर परत एक मिनिट घेतलं. टेबल आलं. पन्नासवर घेतलं. टेबल गेलं. आता नीट बघितल्यावर भिंतीवर एक फिकट चौकोन दिसला, खूप दिवस एका जागी असलेली वस्तू हलवली की राहतो तसा. त्याने उठून टेप आणली, टेबलाची उंची मोजली, पडद्यावर चौकोन बोटाने मोजला, आणि खुर्चीच्या उंचीशी ताडून पाहिलं. प्रमाण तंतोतंत जुळत होतं. जुळल्यावर त्याला नेहमी बरं वाटायचं. आज तसं वाटलं नाही.

"आणखी एकदा," तो म्हणाला.

"अहो, पुरे की आता."

"ऐक माझं. एकदाच. फोकस हाताने करतो, म्हणजे शंका राहायला नको."

त्या एकदाच्या पुढे आणखी तीनदा झालं. घड्याळ लावून त्याने प्रत्येक वेळी साठ सेकंद घेतले होते. पंचवीसच्या क्लिपा साठ सेकंदांच्याच भरल्या. पन्नासची शेवटची क्लिप मात्र एक मिनिट चाळीस सेकंदांची निघाली. जास्तीच्या चाळीस सेकंदांत वेताची खुर्ची रिकामी होती. खिडकीतून ऊन येत होतं. आणि कुठूनतरी, बहुधा आतल्या खोलीतून, लहान पावलांचा धावल्याचा आवाज येत होता. कोणीतरी धप्पकन पडलं आणि खुदकन हसलं.

घरात ती दोघंच होती. शेजारचं घर दोन महिने बंद होतं.

"माइक फार तेज दिसतोय," तो म्हणाला. त्याचं डोकं गरगरायला लागलं होतं. चूक कुठेतरी होती, साधीच असणार होती आणि सापडत नव्हती. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. सलग तीन मापं कधी अशी वाकुल्या दाखवत उभी राहिली नव्हती.

"मी गोष्ट सुरू करते," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमचं काय जुळायचं ते मागाहून जुळू दे."

तो पन्नास बदलायचं विसरला. त्याने लाल बटण दाबलं.

"एक होतं बटण," ती म्हणाली. "निळं. चार भोकांचं. ते एके दिवशी..."

पुढे नुसती हवा आली. तिने घोटभर पाणी पिऊन पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. तिसऱ्यांदा तिने गळ्याला हात लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने कॅमेरा बंद केला. ती खुर्चीत बसल्यापासून अर्धा तास होऊन वर बारा मिनिटं गेली होती. ती सगळी त्याने खाल्ली होती, पट्टे आणि टेबल आणि फोकस करत. लेकीला काय सांगायचं? तुझ्या आईचा आवाज मी मोजण्यात संपवला, असं? त्याला रडू फुटलं. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस स्टुलावर बसून रडतो आहे, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटत होतं. बायकोने खुर्चीतूनच हात हलवला, असू दे असा, आणि डोळे मिटून मान मागे टेकली.

निदान तेवढी चार वाक्यं तरी आली का, हे बघायला त्याने शेवटची क्लिप उघडली.

ती बावीस मिनिटांची होती.

शूट जेमतेम दीड मिनिट केलं होतं. त्याने आवाज अगदी बारीक केला आणि क्लिप लावली.

वेताची खुर्ची. खुर्चीत बायको. गळ्याशी एक आडवा, जुना झालेला व्रण. केस सगळे पांढरे. आणि आवाज तिचाच, भरदार, कुठेही न अडकणारा. बटण कोटावरून पळालं. शिंपी त्याच्या मागे धावला. मांजरीने दोघांना चुकीचा रस्ता दाखवला. कॅमेऱ्यामागून एक लहान मुलगी खिदळत होती आणि मध्येच "मग? मग?" करत होती. कॅमेरा तिच्या हातात असावा. चित्र खालून वर घेतल्यासारखं दिसत होतं आणि हलत होतं.

त्याला घाम फुटला. तरी, खोटं कशाला, त्याच्या मनात पहिल्यांदा आनंदच आला. आवाज राहणार होता.

मग मुलीने विचारलं, "आजी, त्या दिवशी आजोबा कुठे बसले होते?"

"तू उभी आहेस ना, तिथेच. स्टुलावर. डोकं कॅमेऱ्यात घालून."

"त्यांना आवडली गोष्ट?"

पडद्यावरच्या बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

"मला कळलंच नाही गं," ती म्हणाली. "मी आपली शेवटपर्यंत सांगतच राहिले."

क्लिप संपली.

तो ताडकन उठला. स्टूल उचलून त्याने थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. मग परत आला. त्याने फ्रेम पंचवीसवर आणल्या, चित्र मोठं केलं. दोनदा तपासलं. ट्यूबलाइट बंद आहे, हेही दोनदा पाहिलं.

"अहो."

त्याने वळून पाहिलं. बायकोने डोळे उघडले होते. गळ्यावर हात ठेवून तीही चकित झाली होती.

"अहो, मोकळा झाला," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, खणखणीत, लग्नाच्या वेळी होता तसा. "चला, सुरू करा लवकर. परत जायच्या आत सांगून टाकते."

"डॉक्टरांनी..."

"राहू द्यात डॉक्टर. लेक वाट बघतेय."

त्याने बटण दाबलं. मोठं चित्र, पंचवीस फ्रेम. तिच्या मागे टेबल दिसत होतं. तो तिपाईमागे ताठ उभा राहिला.

"एक होतं बटण," तिने सुरुवात केली आणि लगेच थांबली. "असे पोलिसासारखे उभे काय राहिलात? मला सुचत नाही अशाने. बसा ना."

"मी उभाच बरा आहे."

"बसा हो. जन्मात एकदा तरी माझी गोष्ट बसून ऐका."

ती हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. आवाज पुन्हा कधी जाईल, सांगता येत नव्हतं.

तो स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आला आणि बसला.

"एक होतं बटण. निळं. चार भोकांचं." तिचा आवाज खोलीभर पसरला. त्याने डोळा कॅमेऱ्याशी नेला. गोष्ट छान रंगत होती. डावा हात खांद्यापासून जड झाला होता. स्टूल उचलताना शिरेवर शीर चढली असेल, असं मनाशी म्हणत त्याने तो मांडीवर ठेवला.