ट्रे उकरू नका!

"रोपं नाहीत. बी आहे. देऊ?"

मान वर न करताच नर्सरीवाला म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. ताईच्या घरापुढच्या उतारावर जमिनीलगत पसरणारं, निळ्या फुलांचं रानझुडूप लावायचं, एवढ्यासाठी मी सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या होत्या.

"आणि ते बी उगवणार कधी?"

"त्याला वाटेल तेव्हा."

आता त्याने वर पाहिलं... आणि मी भांडायचंच विसरले.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना "जरा थांबा" सांगते. स्वतःला मात्र चहा निवेपर्यंतही दम धरवत नाही. माझ्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून बी घेतलं, पण ते पेरायचा ट्रे त्याच्याच नर्सरीत ठेवायचं ठरलं. बियांचं कवच टणक, ते सँडपेपरवर घासायला त्याने मला शिकवलं.

"हळू... आतल्या जिवाला लागेल."

सांगताना त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर टेकला. आणि तिथेच राहिला — जरा जास्तच वेळ.

मग काय, दवाखाना सुटला की मी तिथे हजर. पाणी फवारायचं, ओणवं होऊन बघायचं. काही नाही! मग बोटाने हळूच माती उकरायची...

"अहो, पुन्हा? उकरू नका म्हटलं ना! तुम्हाला घाबरूनच बसलंय ते आत."

"तुमचं बी तुमच्यासारखंच. घुमं!"

तो हसायचा. पुढे काही म्हणून बोलायचा नाही. घरी आले की मला चैन पडेना. बी उगवत नाही म्हणून, की हा बोलत नाही म्हणून? कळत होतं मला. चांगलं कळत होतं.

शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "आता या आठवड्यात उगवलं नाही, तर मी यायचीच नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्याच दिवशी ट्रेमध्ये रोप! टवटवीत, चांगलं सहा पानांचं. मी आनंदाने उडीच मारली. मग खाली वाकून पाहिलं. बी रुजलं की आधी दोन गुबगुबीत पानं येतात, खरी पानं नंतर, हे त्यानेच सांगितलं होतं मला. इथे ती दोन पानं नव्हतीच. मी रोप हलकेच ओढलं... मुळं नाहीत, नुसता तिरका कापलेला दांडा हातात आला.

"ही कुठल्या तरी दुसऱ्याच झुडपाची फांदी खोचलीय तुम्ही."

तो कानापर्यंत लाल झाला. "हो."

"फसवलंत मला!"

"मग काय करू? उगवलं नसतं तर तुम्ही आला नसता. आणि तुम्ही आला नाहीत, तर मला... करमत नाही. कशातच लक्ष लागत नाही. आवडता तुम्ही मला. झालं. सांगितलं."

राग आला होता, अगदी खरा. खोटेपणा मला मुळीच खपत नाही. पण हेच ऐकायला तर जीव कासावीस झाला होता माझा! मी फांदी त्याच्या हातात दिली, माती सारखी केली, वर पाणी फवारलं.

"पुन्हा असली चलाखी केलीस तर याद राख."

"म्हणजे... उद्या येशील?"

"येईन."

"पण ट्रेमध्ये बघायला काहीच नाहीये आता."

"ट्रे बघायला येतंय कोण?" मी म्हणाले.