बोल्टची चुकीची बाजू

सकाळी सव्वासातला फोन आला. टेकडीच्या चढावरून एक सायकलवाला दरीत कोसळला होता आणि हलत नव्हता.

इन्स्पेक्टर बाई पोहोचल्या तेव्हा सायकल कड्यावरच्या झुडपात अडकलेली होती. चेन सुटून रस्त्यात पडली होती. तिची दोन टोकं जोडणारी लिंक उघडली होती. लिंकचे दोन्ही तुकडे बाईंनी पिशवीत घातले.

मेलेल्याला सगळे ठिगळ्या म्हणत. गिअर बदलायचा शिफ्टर एका कंपनीचा, मागचा गिअर दुसऱ्या कंपनीचा, चेन तिसरीचीच. गेल्या महिन्यात त्याच सायकलवर त्याने शर्यत जिंकली आणि सायकल संघाच्या मॅनेजरने संघाचं वर्कशॉप त्याच्या हाती दिलं. त्याआधी अकरा वर्षं ते त्याचा थोरला भाऊ सांभाळत होता. थोरल्याने मग टेकडीमागे स्वतःचं दुकान टाकलं. भाऊ मात्र अजून एकाच घरात राहत, थोरला वर, धाकटा खाली.

दुपारी बाई त्या घरी गेल्या. ठिगळ्याची बायको जिन्याखाली, सायकल ठेवायच्या रिकाम्या जागेत बसली होती. थोरला शेजारी उभा होता.

"मॅडम, ही अकरा गिअरची लिंक," पिशवी बघताच तो म्हणाला. "चेन बाराची आहे, त्यावर ही सैल बसते. चढावर उभं राहून जोर लावला की उघडते. किती वेळा सांगितलं त्याला, सरमिसळ करू नकोस म्हणून!"

"लिंक कोणी लावली होती?"

"मी," बायको म्हणाली. "काल संध्याकाळी. त्यांनी हौसेने शिकवलं मला. डबीतून मीच काढली." तिने मोबाइल पुढे केला. "फोटोसुद्धा काढलाय."

फोटोत ठिगळ्या मागचं चाक उचलून दात काढत होता. गिअरची वायर बोल्टच्या बाहेरच्या बाजूने आवळलेली स्पष्ट दिसत होती.

"डबीवरचा आकडा बघितला होतास ना?" थोरल्याने मायेने विचारलं. "जाऊ दे. होतं असं. तू काय मुद्दाम केलंस?"

"मीच मारलं त्यांना, भावोजी."

थोरल्याने 'नाही' म्हटलं नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहरा त्यांनी कोरा ठेवला.

"सकाळी सहा चाळीसला त्याने तुम्हाला फोन केला होता. काय म्हणाला?"

"दुकानावर येतोय, चहा सांगून ठेव म्हणाला."

तिसऱ्या दिवशी बाई सायकल आणि ठिगळ्याची बायको दोघींना घेऊन थोरल्याच्या दुकानात शिरल्या. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले होते. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. एक वस्तू जागेवरून हललेली नव्हती.

"ही वायर बरोबर लावलीय?" बाईंनी विचारलं.

थोरला वाकला. "हो. बोल्टच्या आतून. पुस्तकात असंच आहे."

"पण फोटोत बाहेरून आहे. दोन कंपन्यांची वायर ओढायची मापं वेगळी. बोल्टची बाजू बदलली की ती जुळतात. ही ठिगळ्याची युक्ती होती. वायरवर आवळल्याच्या दोन खुणा आहेत, एक जुनी, एक ताजी. म्हणजे फोटोनंतर कोणीतरी वायर सोडून आत घेतली. ठिगळ्या स्वतःची युक्ती कशाला मोडेल? लिंक हाताने बसते, पण हिला पाना धरता येत नाही. आणि परक्याला यात काही चुकलंय हे दिसलंच नसतं. त्या रात्री तुम्ही लिंक बदलायला जिना उतरलात. समोर चुकीची वायर दिसली आणि तुमच्या हाताला राहवलं नाही."

थोरल्याने वायरवरून बोट फिरवलं.

"हिने लावलेली बाराची लिंकही तुम्हाला फेकवली नाही. त्या बाराच्या कप्प्यात लिंकच्या नव्या जोड्यांमध्ये एक तेलकट जोडी आहे. जागच्या जागी ठेवलीत."

त्याची नजर कप्प्याकडे गेली.

"वायर बदलल्यावर गिअर उड्या मारायला लागले. म्हणून तो चढाच्या पायथ्याशी थांबला आणि त्याने तुम्हाला फोन केला. लिंक तेव्हा शाबूत होती. तुमच्याच हाताच्या खोडीने तो वाचत होता. काय सांगितलंत त्याला?"

"सांगा ना, भावोजी," बायको म्हणाली.

"म्हटलं, उभा राहून पेडल दाब. बसतील गिअर." त्याने हात फडक्याला पुसले. "तो म्हणाला, बरं दादा."

बायकोने आपले तळहात बघितले. "तीन दिवस या हातांनी मी घास घेतला नाही. आणि तुम्ही रोज खाली येऊन माझी समजूत घालत होतात!"

हवालदाराने बेड्या घातल्या. दारात थोरला थबकला. तिच्याकडे नाही, त्याने सायकलकडे बघितलं.

"काही म्हणा मॅडम," तो पुटपुटला, "वायर बोल्टच्या बाहेरून लावत नाहीत."