एन्टरच्या बटनावरचा खर्रा

हे कॉम्प्युटरचं लिनक्स भिलाईत माझ्याएवढं कोनाले समजत नाही. म्हंजे मले बी नाही समजत. पन मी कबूल करतो, बाकीचे करत नाहीत. शीला, हासू नको. तू कॉम्प्युटरच्या क्लासले जाऊन राहिली, अन् घरचा फ्यूज मात्र आजोबानंच बांधाचा! लाईट येईस्तोवर ऐक. आपल्या सुपेल्याच्या विजयकुमारसंग घडलेलं हाये.

मागच्या वर्षी, बारा नोव्हेंबर, गुरुवार. हथखोजच्या एका लोखंड ढलाईच्या कारखान्यात जुना सर्व्हर काढून नवा बसवाचा होता. पोराची पहिलीच नोकरी. शेठनं सांगून देल्लं, "सकाळी आठले मालाचं चलान निघालं पाह्यजे. नाही तं परत येऊ नको."

जुन्या मशीनवर भाऊराव बसत. सात दिवसांआधी वारले. माणूस चांगला, पन घाण! दिवसभर तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. टेबलाखाली डालड्याचा डबा, त्यात पिचकारी. कीबोर्डच्या फटीत सुपारीचा चिखल, वर माश्या. विजयकुमारनं नाक दाबून डबा नाल्यात फेकला, कीबोर्ड भंगारात टाकला, नवा लावला.

भाऊरावची बायको अंजनाबाई सांगून गेली होती, "दहावं होऊ द्या, मंग मशीनमधून त्यायचं नाव काढा." हा शहाणा म्हने, "मशीनले कायचं सुतक?" नव्या सर्व्हरवर सगळ्यायची नावं चढवली. भाऊराव सोडून.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. सर्व्हर चालू झाला. आत कोन कोन बसलं हाये, ते पाहाची एक कमांड असते. यानं मारली.

दोन नावं.

एक याचं.

दुसरं... भाऊराव.

जे चढवलंच नव्हतं.

यानं ते बाहेर काढलं. पुन्हा पाह्यलं.

भाऊराव.

मंग वास आला. तंबाखू, चुना, अन् शिळ्या तोंडाचा.

बोटं चिकटली. कोरा कीबोर्ड... ओला. बोट उचललं तं तपकिरी लाळेची तार निघाली.

पायाले काही लागलं.

डबा.

भरलेला.

कोमट.

ओकत ओकत पोरानं नाव चढवलं. हात जोडले. "बसा भाऊराव, दहाव्यापर्यंत तुमचीच खुर्ची."

...

आठले चलान निघालं. नोकरी वाचली. कीबोर्ड यानं मागं नेऊन जाळला. एन्टरचं बटन तेवढं निखळून पडलं होतं, ते फेकाले भेला, माझ्याकडं आनून देल्लं. हे पाहा, कागदाची पुडी, वरून सुतळी. वर्षभर सोडली नाही. सोड तूच. बॅटरी मी धरतो.

शीलानं गाठ सोडली. नाक मुरडलं.

"शी! तुमीच लावलं असन काही."

"माझे दात कुठं हायेत खर्रा खायाले?"

तिनं बटनाले बोट लावलं. झटकलं. ओढणीले पुसलं, पुन्हा पुसलं.

"वर्ष झालं म्हनता ना, आजोबा? मंग हे कोमट कावून हाये?"