रांगेतली शेवटची

विद्यापीठात नव्या मुलांच्या स्वागताची तयारी चालली होती, त्या दुपारची ही गोष्ट. तिथली रीत अशी, की जुन्यांपैकी एकानं नव्यांना सगळा परिसर फिरवून दाखवायचा. आणि दाखवणाऱ्यानं चालायचं उलटं, तोंड पोरांकडे करून, म्हणजे कुणी मागे राहिलं तर लगेच दिसावं. तोंडघशी पडायला नको म्हणून आदल्या दिवशी सराव. हे काम जिच्याकडे आलं होतं तिला सगळे बडबडी म्हणायचे. बोलायला लागली की ऐकत राहावं अशी पोर.

एका गोष्टीवर मात्र ती कधी बोलायची नाही. तिची आई तिथंच फरशी पुसायला होती. मैत्रिणींना हिनं सांगून ठेवलेलं, आई ऑफिसात असते. आईलाही ते ठाऊक होतं. ती मुद्दाम पलीकडच्या इमारतीतलं काम मागून घ्यायची, आणि लेक समोरून आलीच तर खांबाआड व्हायची.

त्या दिवशी सभागृह पुसणारी बाई आजारी पडली, आणि आईला तिकडं धाडलं.

बडबडी उलटी चालत होती आणि तिचे दोस्त नवखे बनून पुढ्यात चालत होते. "ताई, वर्गात झोपायची सोय कुठं?" त्यातला एक उंच पोरगा विचारायचा आणि बाकीचे खिदळायचे. रांगेच्या शेवटी एक मुलगी होती. फिकट, गप्प, केस मानेला चिकटलेले. कुणाची तरी मैत्रीण असेल म्हणून बडबडीनं लक्ष दिलं नाही. वारा आला की तिच्याकडून वास मात्र यायचा, बंद खोलीत कुजलेल्या फडक्याचा.

सभागृहाच्या दारात फरशी ओली होती. बडबडीचा पाय सटकला, आणि आईनं धावत येऊन तिला धरलं. धरलं ते धरलं, वर सवयीनं कॉलरही सारखी केली.

"बघून चाल की गं, बाळा."

सगळे थबकले. उंच पोरगा म्हणाला, "ओळखीच्या आहेत का गं?"

"छे. कोण आहेत कोण जाणे." आणि आईकडे न बघता ती म्हणाली, "हात ओले आहेत तुमचे, मावशी."

आईनं हात मागे घेतला. रागावली नाही हो. हसली, आपलंच चुकल्यासारखं. ते हसू बघून बडबडीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात कुणीतरी बोललं, हळू, अगदी कानाशी.

"तुझी नाही ना... मग माझी."

शेवटची मुलगी पुढे आली होती. तिनं आईच्या हातून बादली घेतली. "चल, आई." आणि झोपेत चालावं तशी आई तिच्यामागून निघाली.

"ती... ती कोण रे?" बडबडीनं उंच पोराला विचारलं.

"कोण ती?" उंच पोरगा म्हणाला. "मावशी एकट्याच तर गेल्या."

दिवेलागणीला बडबडी घरी पोचली. दार आतून बंद. "आई, उघड ना... चुकलं माझं."

दार बोटभर उघडलं, आणि तोच कुजका वास बाहेर आला. फटीत आईचा एकच डोळा, पाण्यानं भरलेला.

"कोण पाहिजे?" आईनं मोठ्यानं विचारलं. मग अगदी दबल्या आवाजात, "जा इथून... ती ऐकतेय."

"कोण आलंय गं, आई?" आतून आवाज आला. हुबेहूब बडबडीचा.

"कुणी नाही. पोर रस्ता चुकलीय." आईचे ओठ पुन्हा हलले. "इथं कुजबुजून भागायचं नाही, बाळा. जिथं नाही म्हणालीस तिथं म्हण... सगळ्यांपुढं."

दार लागलं.

सकाळी नव्या मुलांच्या स्वागताला सभागृह गच्च भरलं. मागच्या दारात आई उभी होती, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून ती फिकट मुलगी. बडबडीनं माईक हातात घेतला. पण खरं सांगायचं तर मागच्या दारातल्या त्या मुलीपेक्षा तिला समोरच्या भरल्या खुर्च्यांची भीती जास्त वाटत होती. मनाची लाज वाटली ती त्याचीच. आई डोळ्यांदेखत चाललीय, आणि मी बघतेय कोण हसेल ते.

"मागे उभी आहे ती माझी आई," ती म्हणाली. "तुमच्या पायाखालची फरशी तिनंच पुसलीय. काल मी सगळ्यांसमोर तिला ओळख दिली नाही."

माना वळल्या. कुणी हसलं नाही. उंच पोरानं तेवढी मान खाली घातली. आईच्या खांद्यावर आता कुणी नव्हतं.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. मायलेकी बरोबर निघतात, बरोबर परततात, लेक भर रस्त्यात आईची पिशवी धरते. फक्त झोपताना आई आता मधोमध अंथरूण घालते. एका हातानं लेकीला थोपटते. दुसरा हात पलीकडच्या अंगाला थोपटत राहतो, तितक्याच मायेनं. तिथं कुणी नसतं, पण उशी दबलेली असते.

बडबडीला ते दिसतं. पण बोलत नाही ती. कोणत्या तोंडानं सांगणार आईला, की तिला सोड म्हणून?