एका बाहीचा राजा

"राजाचा डावा हात कुठी हाय?"

मी मशीनवरून मान वर केली. दारात एक उंच, सावळा पोरगा उभा. अंगात मीच शिवलेला राजाचा जरीचा कोट... उजवी बाही मनगटापर्यंत, अन् डावीकडं नुसती बनियान.

"लढाईत गेला असन," मी म्हटलं.

"लढाई तिसऱ्या अंकात हाय. राजा पहिल्याच अंकात थोटा कसा?"

हसू दाबत मी बाही शोधाले लागली. सापडली झबल्यांच्या ढिगात. झालं असं... बाही कापता कापता मले शेजारच्या कलाबाईच्या नातवाचं झबलं आठवलं, झबल्याची नाडी आणाले उठली तं गडचिरोलीची बस आली, बस पाहाले गेली तं... जाऊ द्या. पंच्याऐंशी सालची गोष्ट. सावली गावातल्या माह्या दुकानात तवा एकोणीस कपडे सुरू होते, पुरा एकबी नाई.

"मी श्रावण. नाटक मंडळाचा प्रॉम्प्टर," तो म्हणाला. म्हणजे स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून नटाइले पुढचं वाक्य सांगणारा. "आमच्या मालकानं, देवरावभाऊनं निरोप धाडला. मंडईच्या दुपारपर्यंत अकरा ड्रेस नाई झाले, तं पुढच्या सालापासून दुसरा टेलर."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, त्या राती नाटक राहे. दुकान नाटकाच्या ड्रेसवरच चाले. ते काम गेलं की बाबा मशीन विकणार अन् मले धानाच्या बांधीत, चिखलात उभी करणार, हे ठरलेलं.

"होते," मी म्हटलं. "अकराच्या अकरा."

"कसे?"

"ते नाई मालूम. पण होते."

तो गेला नाई. माह्याकडं पाठ करून पायरीवर बसला. 'लक्ष कुठी हाय तुहं' असं म्हटलं नाई... ते तं मी शाळेपासून ऐकत आली. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "बाही जोडा."

जोडली.

"आता काज."

केले. मी खिडकीकडं पाहाले लागली की, "बटन." बस, इतकंच.

चार दिवस असेच गेले.

"तुमाले दुसरं काम नाई का?" मी विचारलं.

"हाय ना."

"मंग इथी काऊन बसून राह्यले?"

"बरं वाटते."

मान वळवली नाई त्यानं... पण कान लाल झाले. मी सुईत दोरा ओवाले गेली तं तीनदा चुकली.

मंडईच्या सकाळी त्याले तालमीले बोलावणं आलं. तीन ड्रेस बाकी.

"जाऊ ना?"

"जा. तुह्याबिगर होणार नाई, असं वाटते का तुले?"

तो दारातच थांबला. "आज 'तू' म्हटलं."

"जाय म्हटलं ना. शिवाचं हाय मले."

तो गेल्यावर मी सारे कपडे चादरीखाली झाकले, एकच बाहेर ठेवला. अन् चपला कौलावर फेकल्या. आता पाहू, बस पाहाले कशी जातो म्हटलं. बाहेर डफडं वाजे, आकाशपाळणा कुरकुरे, पाय उठाले करत. मी मशीनचा पायटा दाबून धरे. एक झाला. दुसरा झाला. तिसऱ्याचं शेवटचं बटन लावून दातानं दोरा तोडला, अन् गठ्ठा घेऊन अनवाणीच मंडपात गेली.

देवरावभाऊनं एकेक बाही ओढून पाह्यली. "पुढच्या सालचंबी तूच शिव, मनकर्णे," म्हणाले, अन् निघून गेले.

श्रावण मागंच उभा होता. घसा साफ करून म्हणाला, "मनकर्णे, तुझ्या नेत्रांच्या सरोवरात माझी जीवननौका..."

"दुसरा अंक," मी म्हटलं. "पुढं नायक मरते."

"मले बाकीच्याइचीच वाक्यं येते," तो खाली पाहून म्हणाला.

"मंग थांब ना. मी कुठी पळून राह्यली?"

तो थांबला. हातातली नाटकाची वही त्यानं मिटली, अन् एका दमात बोलला, "लग्न करशीन का माह्यासंगं?"

"करीन. पण माह्या दुकानाले कुलूप लागणार नाई. आत्ताच सांगून ठेवतो."

"लावलं तरी किल्ली तुले सापडन का?"

आता तुमीच सांगा, अशा माणसाले सोडाचं कसं?